मयत कोणाच्या हद्दीत?

लग्नाला बोलावणे लागते, मयताला लागत नाही. सातपुड्याच्या या उतारावर, पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात, ही रीत अजून मोडलेली नाही. गावात कोणी गेला असे कानावर पडले की माणूस हातातले काम टाकून निघतो. बांधाचे भांडण असले तरी निघतो, वर्षानुवर्षांचा अबोला असला तरी निघतो. बांबू कोण तोडणार, गोवऱ्या कोणाच्या घरून येणार, भावकीला निरोप कोण धाडणार, हे कोणी कोणाला विचारत नाही. घरच्यांनी रडायचे, बाकीचे गाव बघते.

पण ही रीत एका गृहीतावर उभी आहे. मेलेला माणूस घरात मेला असेल, शेतात मेला असेल, फार तर नागपूरच्या दवाखान्यात मेला असेल, असे ते गृहीत. तोच दम्मामला किंवा दोह्याला मेला, म्हणजे गाव अंगणात येऊन उभे राहते आणि पुढे काय करायचे ते कोणालाच सुचत नाही. खांदे तयार असतात, तिरडीवर ठेवायला देह नसतो. आणि ज्यांना सुचायला हवे, ज्यांना त्याचा पगार मिळतो, ते चष्मा वर करून म्हणतात, "हे आमच्या हद्दीत येत नाही." माझे भांडण या एका वाक्याशी आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. निवृत्त झालो तरी परदेशी अक्षरातला कागद गावात आला की तो माझ्या ओसरीवर येतो. गेल्या काही वर्षांत अशी तीन प्रकरणे माझ्या हातून गेली. नावे सांगत नाही. घरे इथलीच आहेत आणि दुःख अजून ओले आहे.

पहिला सौसरकडच्या एका खेड्यातला पाइप फिटर. आखातात रात्रपाळीहून येऊन झोपला तो उठलाच नाही. घरी फोन केला तो खोलीतल्या सोबत्याने, कंपनीने नव्हे. वारसाचे संमतीपत्र हवे, असे तिकडून कळले. ते कोणत्या मजकुराचे, कोणापुढे करायचे, कोणत्या भाषेत, हे इथे एकालाही सांगता येईना. पहिले पत्र परत आले, कारण पासपोर्टवर एक नाव आणि आधारवर दुसरे. आमच्या मराठी रीतीप्रमाणे मधले नाव बापाचे. हिंदी कागदांत ते गळालेले. समग्रच्या नोंदीत आडनावच वेगळ्या वळणाने लिहिलेले. असे सोळा दिवस गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण पोचवले. पण सुतक कोणत्या दिवसापासून धरायचे, बायकोने बांगड्या केव्हा उतरवायच्या, हे त्या घराला कोणी सांगू शकले नाही. शेवटी प्रेत मुंबईला उतरले. तिथून शववाहिकेचे भाडे भरण्यासाठी बापाने मृग बहाराचा सौदा पडत्या भावात केला.

विमानतळाच्या कार्गोत सही करायचा कागद पुढे आला तेव्हा त्या बापाने मला विचारले, "गुरुजी, ही बिल्टीच ना?" होय, बिल्टीच. जन्मभर त्याने संत्र्याच्या गाड्यांच्या बिल्ट्या पाहिल्या होत्या. विमान कंपन्यांनी जगभरच्या मालासाठी जे संकेत ठरवले आहेत, त्यांत पेटीतल्या मानवी देहासाठी तीन रोमन अक्षरे आहेत : एच, यू, एम. सलग वाचली तर आमच्या राज्याच्या सरकारी भाषेत त्यांचा अर्थ 'आम्ही' असा होतो. हा योगायोग आहे, पण मला तो विसरता आलेला नाही.

दुसरे घर पांढुर्ण्यातले. मुलगी जर्मनीत शिकत होती. आईबापांनी विचार करून ठरवले, दहन तिकडेच करावे आणि अस्थी आणाव्यात. हे सोपे असेल असे कोणालाही वाटेल. पण जर्मनीच्या बहुतेक भागांत अस्थिकलश घरी ठेवण्याची मुभा नाही. तो देशाबाहेर न्यायचा तर त्याचेही कागद लागतात. ते झाले, कलश आला. आणि तेरवीला आमच्याच नातलगांनी त्या आईला ऐकवले, "पोरीचे तोंडही पाहिले नाही तुम्ही!" याबद्दल पुढे बोलणार आहे.

तिसरा एक मुसलमान गवंडी, सौदीत वारलेला. घरच्यांचे म्हणणे स्पष्ट होते : तिथेच दफन व्हावे, देहाची वणवण नको. म्हणजे विमान नको, पेटी नको, पैसा नको; फक्त "तिथेच दफन करण्यास आमची हरकत नाही" एवढा एक कागद हवा. त्या एका कागदाला आठ दिवस लागले. एका टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने विचारले, "मृत्यूचा दाखला कुठे आहे? आधी नगरपालिकेचा दाखला आणा." परदेशात मेलेल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंद तिथली आपली वकिलात करते, आमच्या नगरपालिकेला तसा दाखला देताच येत नाही. हे त्या टेबलाला ठाऊक नव्हते. ते मी, एका निवृत्त मास्तराने, त्याला सांगावे लागले.

तीन घरे, तीन निरनिराळ्या इच्छा. एकाला देह हवा होता, एकाला अस्थी, एकाला काहीच नको होते. तिघांची अडवणूक मात्र एकाच जागी झाली, आणि ती जागा परदेशात नव्हती. ती आमच्या घरापासून चार पावलांवर होती.

असे किती लोक मरतात, असा प्रश्न येईल. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१८ साली, माहितीच्या अधिकारात मिळालेली उत्तरे आणि संसदेतली उत्तरे जुळवून, एक आकडा मांडला होता. २०१२ पासून २०१८ च्या मध्यापर्यंत आखातातल्या सहा देशांत किमान २४,५७० भारतीय कामगार मरण पावले. म्हणजे दिवसाला दहाहून अधिक. रोज दहा घरी असा फोन वाजतो. त्यांतला एखादा कधीतरी आमच्याकडेही वाजतो, एवढेच.

आता सरकारची बाजू. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल, आणि खोट्यावर भांडण टिकत नाही. उत्प्रवास कायदा १९८३ चा. त्याच्या नियमांत कामगाराच्या करारात कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत हे लिहिले आहे, आणि त्यांत मृतदेहाची व्यवस्था किंवा तो भारतात पाठवणे याचाही समावेश आहे. २००३ साली प्रवासी भारतीय विमा योजना आली. २००९ साली वकिलातींमध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम सुधारले. गरजू माणसाचा मृतदेह आणण्याचा खर्च त्यातून करता येतो. २०१५ पासून तक्रारीसाठी 'मदद' नावाची संगणकीय सोय आहे. पूर्वी एअर इंडिया आखातातून येणाऱ्या देहाचे काट्यावर वजन करून भाडे घेत असे; ओरड झाल्यावर जानेवारी २०१९ मध्ये अमिरातीतून येणाऱ्या प्रौढाच्या देहासाठी सरसकट १५०० दिरहम असा दर ठरला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विमानतळावरच्या परवानगीसाठी 'ई-केअर' ही व्यवस्था उघडली. हे सारे चांगलेच झाले.

मग घोडे अडते कुठे? दोन टोकांना. घरापासून वकिलातीपर्यंतचा पहिला रस्ता आणि विमानतळापासून घरापर्यंतचा शेवटचा रस्ता. मधल्या आकाशात नियम आहेत, अधिकारी आहेत, संकेतस्थळे आहेत. या दोन रस्त्यांवर कोणी नाही. शहरातला माणूस ते आपल्या ओळखीने, इंग्रजीने आणि पैशाने पार करतो. आमच्या माणसाकडे तिन्ही नसतात.

आणि या चांगल्या योजनांतही एक गंमत आहे. प्रवासी विमा सक्तीचा आहे तो ज्याच्या पासपोर्टवर उत्प्रवासाची परवानगी लागते अशा, म्हणजे साधारणतः दहावी न झालेल्या कामगाराला. दहावी उत्तीर्ण झालेला पोरगा त्या परवानगीतून सुटतो, आणि परवानगीबरोबर सक्तीच्या विम्यातूनही सुटतो. पाइप फिटर दहावी पास होता. मीच त्याला पास केले होते. शिकला म्हणून त्याचे नाव कुठल्याच वहीत नव्हते! विमा असता तरी तो अपघाताचा. झोपेत हृदय बंद पडलेला माणूस त्यात बसला नसता. कल्याण निधीबद्दल बोलायचे तर तो जमतो वकिलातीतल्या सेवांवर घेतलेल्या लहानशा शुल्कातून, म्हणजे याच कामगारांच्या खिशातून. तो कोणाचा उपकार नव्हे. पण आपलाच पैसा तिथे ठेवलेला आहे आणि तो मागायचा असतो, हे त्या बापाला कोणी सांगितले नाही. मला ते कळले तेव्हा बहार विकून झाला होता.

कागदातली एक चूक काय करू शकते हे पाहायचे असेल तर २०२१ साल आठवा. हिमाचल प्रदेशातला एक हिंदू गृहस्थ सौदीत वारला. मृत्यूच्या दाखल्याच्या भाषांतरात त्याचा धर्म चुकीचा पडला आणि त्याचे तिथे दफन झाले. त्याच्या बायकोला नवऱ्याचा देह परत मागण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्याआधी वर्षभर, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या गोंधळात अबू धाबीहून दिल्लीला आलेले तीन मृतदेह विमानातून न उतरवताच परत पाठवले गेले. कार्यपद्धतीचा कागद त्यानंतर निघाला. दिल्लीत हे होते, तर पांढुर्ण्याच्या माणसाने कोणाचा पदर धरावा?

उलट बाजूचेही उदाहरण आहे. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीय गेले. १४ जूनला भारतीय हवाई दलाचे विमान त्यांचे देह घेऊन कोचीला उतरले. दोन दिवसांत! मंत्री हजर, शववाहिका रांगेत, कागद तयार. हे व्हायलाच हवे होते आणि झाले याचा मला अभिमान आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, ती विसरू नये. दोन दिवसांत हे होऊ शकते. कायदा आडवा येत नाही, अरबी भाषा आडवी येत नाही, नावातला ऱ्हस्व-दीर्घ आडवा येत नाही. म्हणजे आमच्या पाइप फिटरचे सोळा दिवस कायद्याने खाल्ले नव्हते. तो एकटा मेला, हा त्याचा गुन्हा. पंचेचाळीसजण एकदम मेले तर ती राष्ट्रीय आपत्ती. एकेक करून दिवसाला दहा मेले तर ती ज्याची त्याची घरगुती बाब.

आता आमच्या हद्दीकडे येतो. आमची भाषा मराठी, राज्य मध्य प्रदेश, पासपोर्ट कार्यालय भोपाळचे, विमानतळ नागपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या रेघेबद्दल मी आज गळा काढत नाही. आमच्या दोन पिढ्या तिच्यासह जगल्या. संत्री रेघ ओलांडून जातात, लेकीसुना रेघ ओलांडून येतात, आजारी माणूस नागपूरला जातो. रेघ दिसते ती फक्त सरकारी टेबलावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्याची खेप वाचली, याचा आनंद आहे. पण जिल्हा झाला म्हणजे पाटी लागली. आता पाटीखाली माणूस बसवावा, एवढेच मागणे आहे.

हद्दीचा प्रश्न सुटत नाही, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. कासरगोड हा केरळचा उत्तर टोकाचा जिल्हा. त्यांना जवळचा मोठा विमानतळ कर्नाटकातला मंगळूर, अगदी जसा आम्हांला नागपूर. केरळ सरकारची 'नोर्का रूट्स' ही संस्था परदेशातून आलेला मृतदेह विमानतळापासून घरापर्यंत विनामूल्य पोचवते, आणि त्या विमानतळांत मंगळूरही आहे. परराज्यातला आहे म्हणून त्यांनी तो वगळला नाही. त्यांची गाडी हद्द ओलांडते आणि मेलेल्या माणसाला घरी नेते. मध्य प्रदेश शासनाने २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांत मरण पावलेल्यांसाठी मोफत शववाहनाची योजना सुरू केली. चांगली योजना आहे. तीच गाडी शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या नागपूरच्या विमानतळापर्यंत का जाऊ नये? दोन राज्यांच्या सचिवांत एका पत्राचा प्रश्न आहे. गाडीचे चाक हद्द विचारत नाही.

यावर शहाणे लोक तीन गोष्टी सांगतात.

पहिली : केरळातून लाखो लोक जातात, तुमच्याकडून जातात मूठभर, मूठभरांसाठी यंत्रणा कशाला? उत्तर असे की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. गोटमारीच्या त्या एका दिवसासाठी पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका आधीपासून उभ्या असतात. आम्ही आपल्या हाताने एकमेकांची डोकी फोडणार, आणि टाके घालायला शासन हजर! ते असू नये असे मी म्हणत नाही. पण स्वतःहून दगड खाणाऱ्यासाठी जे जमते ते पोटासाठी परमुलखात मेलेल्यासाठी का जमू नये? शिवाय मूठभर आहेत म्हणूनच यंत्रणा हवी. लाखो असते तर प्रत्येक गल्लीत एक अनुभवी माणूस मिळाला असता. आमच्याकडे प्रत्येक घर हे पहिलेच घर असते.

दुसरी : जे पैशासाठी जातात त्यांनी सोसावे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली परदेशातल्या भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम १२९ अब्ज डॉलर होती. जगातल्या कोणत्याही देशाला एवढी मिळाली नाही. हा पैसा आला तेव्हा कोणी म्हटले नाही की हा आमच्या हद्दीत येत नाही. जिवंतपणी तो परकीय चलन आणणारा सुपुत्र, आणि मेला की घरच्यांची जबाबदारी, हा कुठला हिशेब?

तिसरी गोष्ट दिसायला सर्वांत समंजस आहे : देह आणण्याचा हट्ट कशाला, तिथेच जाळा आणि अस्थी आणा. इथे मी अर्धा सहमत आहे. पण सांगणाऱ्यांना ठाऊक नसते की सौदीत हिंदूंच्या दहनाची सोय नाही. दुबईत आहे, बहरीनला आहे, मस्कतकडे आहे. म्हणजे कोणता पर्याय खुला आहे हे माणूस कुठे मेला यावर ठरते, आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांतच घरच्यांना कळले पाहिजे. निवड करायची तर आधी माहिती हवी. जिथे माहिती नाही तिथे निवडही नाही. तिथे जे पदरी पडेल ते पवित्र.

आता जरा आपल्या माणसांशी बोलतो, कारण सगळे खापर सरकारच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे सोपे आहे. देह आलाच पाहिजे, नाहीतर गती नाही, असे जे आपण त्या आईबापांना ऐकवतो ते कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? प्रेत मिळालेच नाही तर पळसाच्या ३६० देठांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी आपल्याच धर्मशास्त्रात आहे. पळस तर आमच्या बांधाबांधावर उभा आहे. शास्त्रकारांना ठाऊक होते की माणसे दूर मरतात. त्यांनी घरच्यांसाठी वाट ठेवली. आपण ती बुजवतो. हजला गेलेला माणूस तिकडे वारला तर तिथेच त्याचे दफन होते आणि घरचे त्याला भाग्य समजतात. त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे विशीचे. त्या देशात तेव्हा प्रेतदहनाची रीत नव्हती. तरी शहराच्या अधिकाऱ्यांनी या अनोळखी राजासाठी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री चिता रचली गेली. पुढे तिथे त्यांची छत्री उभी राहिली. ती आजही आहे. छत्रपतींचा देह कोल्हापूरला आला नाही म्हणून कोणी त्यांना गतिहीन म्हटले नाही. उलट वाटेचेही उदाहरण आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेला त्यांच्या मानलेल्या मावशीकडे, कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत पकिप्सी येथे त्यांचे स्मारक आहे. जिथे प्रेम होते तिथे त्या गेल्या. तेव्हाच्या पुण्याला हे मानवले आणि आजच्या पांढुर्ण्याला एका आईचा अस्थिकलश मानवू नये? तेरवीला जेवायला बसून तिला टोमणा मारणाऱ्यांपेक्षा ते टेबलावरचे कारकून बरे. ते निदान जेवले तरी नाहीत.

पण याचा अर्थ देह मागणारा बाप चुकला, असाही नाही. त्याला मुलाचा चेहरा पाहायचा होता. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोणी नावे ठेवील म्हणून नव्हे. त्याला पाहायचा होता. तो हट्ट नव्हे, तो त्याचा हक्क. अस्थी मागणाऱ्या आईचाही तोच हक्क, आणि "तिथेच राहू द्या" म्हणणाऱ्या गवंड्याच्या घरचाही तोच. निवड त्या घराची. ती पैशाने, अज्ञानाने, शेजाऱ्यांच्या जिभेने किंवा टेबलाच्या आळसाने होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून मागण्या लिहितो. भाबड्या नाहीत, महागही नाहीत.

एक. पांढुर्णा जिल्हाधिकारी कार्यालयात या कामासाठी एक नेमलेला अधिकारी असावा. त्याचे नाव आणि फोन प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा. त्याच्या टेबलाच्या खणात संमतीपत्राचा, शपथपत्राचा आणि कल्याण निधीच्या अर्जाचा नमुना मराठी, हिंदी व इंग्रजीत तयार असावा. नावांतला फरक एकाच शपथपत्रात मिटावा.

दोन. राज्याचे शववाहन नागपूर विमानतळापर्यंत जावे, आणि देह मुंबईला किंवा दिल्लीला उतरला तर तिथून आणण्याचे भाडे जिल्ह्याने आधी भरावे. वसुली कंपनीकडून, विम्यातून की निधीतून, ते मागाहून शासनाने पाहावे. बापाच्या बहारातून नको.

तीन. परदेशी जाणाऱ्याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, त्याच्या मर्जीने. पासपोर्टची प्रत, कंपनीचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि आपले बरेवाईट झाल्यास काय करावे याची त्याची इच्छा. अशुभ बोलू नये म्हणून आपण हे टाळतो. बैल विकत घेताना सगळे विचारतो, पोरगा धाडताना काहीच विचारत नाही.

चार. दहावी पास झालेल्या कामगारालाही विमा सक्तीचा व्हावा, आणि नैसर्गिक मृत्यूत देह आणण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत असावा.

पाचवी मागणी शासनाकडे नाही, आपल्याकडे आहे. ज्या घरी देह येणार नाही त्या घरीही बोलावण्यावाचून जावे. बांबू तोडायचा नसेल, गोवऱ्या वाहायच्या नसतील. पण कोणाच्या तरी हातात अर्ज असेल आणि तो घेऊन चार पायऱ्या चढायला सोबत हवी असेल. आजच्या काळात खांदा देणे ते हेच.

या मागण्यांचा अर्ज मी हिंदीत आणि मराठीत लिहून ठेवला आहे. दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी तो जिल्हा कार्यालयात देणार आहे. त्यावर तिन्ही घरांच्या सह्या झाल्या आहेत. चौथीपासूनच्या जागा रिकाम्या आहेत. मयताला बोलावणे लागत नाही हे खरे; अर्जाला लागते. हे बोलावणे समजावे.